लस घेऊनही आजार होतोच ना?



गेल्या महिन्यात आमच्या नालासोपारा पूर्वेच्या वस्तीत लहान मुलांच्या लसीकरणाचे सत्र होते. आशाताई आदल्या दिवशी घरोघर सांगून गेल्या होत्या. दुपारी यादी पाहिली तर दोन बाळे आलेली नव्हती. महिला मंडळाच्या एक ताई आणि मी असे दोघे त्या घरी गेलो. पहिल्या घरचे बाळ तापाने फणफणले होते, तेव्हा त्यांचे कारण पटण्यासारखे होते. दुसऱ्या घरी तरुण सूनबाई होती. तिने सतरंजी टाकली, चहा ठेवला, पण बाळाला न्यायला काही तयार होईना. शेवटी म्हणाली, "काका, राग मानू नका. पण लस घेऊनही आजार होतोच ना? मागच्या चाळीतल्या मावशींनी कोरोनाच्या दोन्ही लसी घेतल्या होत्या. त्या तर दवाखान्यातच कामाला होत्या. तरी त्यांना कोरोना झालाच की! मग ह्या एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचे?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. एक तर हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. कोरोनाच्या वेळी ती शाळकरी मुलगी होती, म्हणजे हे वाक्य तिने घरातल्या मोठ्या माणसांकडूनच ऐकलेले असणार. आणि दुसरे म्हणजे, हा प्रश्न वस्तीत रुजण्यास काही अंशी मी स्वतःच कारणीभूत होतो. म्हणून आज त्या मावशींची हकिकत आणि त्यामागचा हिशोब सविस्तर मांडतो. मावशींना विचारूनच लिहीत आहे. त्यांचे नाव मात्र देत नाही.

मावशींची हकिकत

मावशी वसईच्या एका खाजगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत आया म्हणून कामाला होत्या. चादरी बदलणे, रुग्णाला कूस बदलून देणे, भांडे देणे-घेणे, लादी पुसणे ही कामे. डॉक्टर रुग्णापाशी पाच मिनिटे थांबतात, नर्स पंधरा मिनिटे थांबते, पण आया दिवसभर तिथेच असते. 2020 साली लोक घराबाहेर पडायला घाबरत होते तेव्हा मावशी रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होत्या. त्या संध्याकाळी परतल्या की चाळीतले काही लोक नळावरून बाजूला होत. त्या काही बोलत नसत. घरात शिरण्याआधी बाहेरच्या मोरीत अंघोळ करीत आणि मगच नातवाला जवळ घेत.

16 जानेवारी 2021 रोजी आपल्या देशात कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. त्यात डॉक्टर-नर्सच नव्हे, तर आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशाताईही होत्या. मावशींनी फेब्रुवारीत पहिला आणि मार्चच्या सुरुवातीस दुसरा डोस घेतला. 1 मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. तेव्हा आम्ही काही कार्यकर्त्यांनी विहाराच्या आवारात पाच-पाच, सात-सात ज्येष्ठांना बोलावून समजावण्याचे काम केले. त्या बैठकांत मावशींना पुढे बसवून मी सर्वांना सांगत असे, "हे पाहा, मावशींनी दोन्ही सुया घेतल्या. आता कोरोना त्यांच्या जवळपास फिरकणार नाही. तुम्हीही घ्या आणि निर्धास्त व्हा."

हीच माझी चूक. लस घेतल्यावर आजार गंभीर होण्याची भीती पुष्कळ कमी होते, असे डॉक्टर सांगत होते. मी त्याचे "आजार होणारच नाही" असे करून टाकले. लोकांनी ऐकावे म्हणून मापात थोडे जास्त घातले. हेतू चांगला होता, पण वजन खोटे होते.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने कहर केला. भीमजयंती आपण त्या वर्षी घरातच दिवा लावून साजरी केली. 20 एप्रिलच्या सुमारास मावशींना ताप भरला, अंग दुखू लागले, वास जाऊन तोंडाची चव गेली. तपासणी केली तर कोरोना निघाला. त्याच आठवड्यात, 23 एप्रिलच्या पहाटे, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 13 रुग्ण दगावले. वसई-विरारमध्ये ज्याच्या-त्याच्या घरी भीतीने ठाण मांडले होते. अशा वेळी चाळीत बातमी पसरली की, दोन लसी घेतलेल्या मावशींनाही झाला.

मावशी दहा बाय बाराच्या खोलीत, पडदा बांधून एका कोपऱ्यात राहिल्या. ऑक्सिजन मोजायचे यंत्र विहाराच्या वर्गणीतून घेतलेले होते, ते त्यांच्याकडे दिले. आकडा 95-96 च्या खाली गेला नाही. पाच दिवस ताप आणि तीन आठवडे अशक्तपणा, एवढ्यावर निभावले. ऑक्सिजन लागला नाही की खाट शोधावी लागली नाही. पुढे त्या पुन्हा त्याच कामावर रुजू झाल्या. परंतु वस्तीची आठवण मोठी चमत्कारिक असते. मावशींना झाला, हे आजही सर्वांना आठवते. मावशी बऱ्या झाल्या, हे फारसे कोणाला आठवत नाही.

आणि ते आजोबा

आमच्याच गल्लीत अडुसष्ट वर्षांचे एक आजोबा होते. माझ्या बैठकीला दोनदा येऊन बसले होते आणि लस घ्यायला राजी झाले होते. मावशींची बातमी कळल्यावर मला म्हणाले, "तू तर म्हणाला होतास जवळ फिरकणार नाही. आता थांबू दे, बघू पुढे." त्या दिवसांत लसीचा तुटवडाही होता, केंद्रांवर पहाटेपासून रांगा लागत. त्यांना न घ्यायला निमित्तच मिळाले. मेच्या पहिल्या आठवड्यात ते आजारी पडले. त्यांच्या मुलाने आणि मी खाटेसाठी रात्रभर फोन केले. खाट मिळाली, पण आजोबा परत आले नाहीत. अंत्ययात्रा निघाली नाही. मुलगा एकटाच गेला.

लस घेतली असती तर आजोबा नक्की वाचले असते का? असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. सगळे म्हणतात तसे मीही पुष्कळ दिवस म्हणत होतो. पण मी हिशोब खात्यातला कारकून आहे. एका पावतीवरून वर्षाचा ताळेबंद निघत नाही, हे मला ठाऊक आहे. मावशी आजारी पडल्या म्हणून लस खोटी ठरत नाही, तसेच आजोबा गेले एवढ्यावरून लस खरीही ठरत नाही. त्यासाठी हजारो माणसांची नोंद लागते. तशी नोंद ठेवली गेली आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत मात्र पोहोचली नाही.

हजारोंचा हिशोब

लस घेतल्यानंतरही होणाऱ्या संसर्गाला डॉक्टर मंडळी 'ब्रेकथ्रू' संसर्ग म्हणतात. म्हणजे लसीचे कुंपण भेदून आत आलेला संसर्ग. हा प्रकार लपवलेला नव्हता. 21 एप्रिल 2021 रोजी, म्हणजे मावशी तापाने पडल्या त्याच सुमारास, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आकडे जाहीर केले होते. कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या 1 कोटी 57 लाखांहून अधिक लोकांपैकी 5,014 जणांना आणि कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतलेल्या 17 लाख 37 हजार लोकांपैकी 695 जणांना नंतर संसर्ग झाल्याची नोंद होती. म्हणजे दहा हजारांत तीन किंवा चार.

ह्या आकड्यांवर मात्र थोडे थांबले पाहिजे. त्यांतील पुष्कळ लोकांना दुसरा डोस घेऊन फार दिवस झाले नव्हते, आणि जे तपासणीला गेले व ज्यांची नोंद झाली तेवढेच त्यात आले. म्हणून मला दुसरी एक वही अधिक भरवशाची वाटते. ती आहे तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेज रुग्णालयाची. तेथे 10,600 कर्मचारी. दुसरी लाट ऐन भरात असताना, 21 फेब्रुवारी ते 19 मे 2021 ह्या काळात, ह्या सर्वांची नोंद ठेवली गेली. एकच आवार, एकच लाट, एकाच प्रकारचे काम. हिशोबाला ह्याहून चांगली वही कोणती?

दोन्ही डोस पूर्ण झालेले कर्मचारी होते 7,080. त्यांपैकी 679 जणांना कोरोना झाला. म्हणजे शंभरात जवळजवळ दहा. अजिबात लस न घेतलेले होते 1,609. त्यांपैकी 438 जणांना झाला. म्हणजे शंभरात सत्तावीस. पाहा, लस घेतलेल्यांनाही झाला, आणि दहा हजारांत तिघांना नव्हे, तर शंभरात दहांना झाला. तेव्हा सूनबाईचे म्हणणे खोटे नाही. पण वही अजून संपली नाही. ऑक्सिजन किती जणांना लागला? दोन्ही डोस घेतलेल्या सात हजारांत चौघांना आणि लस न घेतलेल्या सोळाशेंत अकरा जणांना. अतिदक्षता विभागात किती गेले? सात हजारांतून दोन, सोळाशेंतून आठ. एक कर्मचारी दगावला. त्याला इतर आजार होते आणि त्याने लस घेतलेली नव्हती.

म्हणजे संसर्गापुरती लसीची राखण अर्धीअधिक होती, पण श्वास अडकण्यापासूनची राखण शंभरात नव्वदांहून अधिक होती. मी विहारात हेच सांगायला हवे होते. एवढे सांगितले असते तरी पुरले असते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही 2021 मध्ये देशातील 17 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतून लस घेऊनही बाधित झालेल्या 677 जणांचे नमुने तपासले. बहुतेकांनी दोन्ही डोस घेतलेले होते, काहींनी एक. त्यांत शंभरात सुमारे दहा जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिघे दगावले. म्हणजे लस घेऊन मृत्यू होतच नाही असे नाही. होतो, पण क्वचित. हेही लपवू नये. लपवले की पुढच्या खेपेला लोक खरेही ऐकत नाहीत.

भागाकारात छेद विसरू नका

आता एक गोष्ट आपल्या शाळकरी मुलांना बरोबर बसवून वाचा. सप्टेंबर 2021 अखेरीस मुंबईच्या केईएम रुग्णालयातील 29 वैद्यकीय विद्यार्थ्यांना कोरोना झाल्याची बातमी आली. त्यांतील 27 जणांनी लसीचे दोन्ही डोस घेतले होते. बातमी वाचून आमच्या कचेरीतले एक सहकारी म्हणाले, "बघा, एकोणतीसपैकी सत्तावीस! लस घेणाऱ्यांनाच होतोय."

हिशोब असा करायचा नसतो. समजा, एका वस्तीत 1,000 माणसे आहेत. त्यांतील 900 जणांनी लस घेतली, 100 जणांनी घेतली नाही. वेल्लोरच्या प्रमाणाने लस घेतलेल्यांत शंभरात दहा, म्हणजे 90 आजारी पडले. लस न घेतलेल्यांत शंभरात सत्तावीस, म्हणजे 27 आजारी पडले. एकूण आजारी 117. त्यांत लस घेतलेले 90! वरवर पाहणारा म्हणेल, आजाऱ्यांत तीन-चतुर्थांश लसवालेच आहेत. पण ते नव्वद नऊशेंतले आहेत आणि हे सत्तावीस शंभरातले आहेत. वरची संख्या पाहिली, खालची पाहिलीच नाही. शाळेत आपण ज्याला अंश आणि छेद म्हणतो, त्यातला छेदच हरवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांत तर लस न घेतलेले मुळात असणार तरी किती? तेव्हा आजारी पडणाऱ्यांत लस घेतलेलेच जास्त दिसणार.

आपल्या मुलांना नोकरीच्या परीक्षेसाठी टक्केवारी शिकवतो. ती टक्केवारी अशा वेळी जीव वाचवायलाही उपयोगी पडते.

मग लस भेदून आजार आत येतोच कसा?

ह्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. लस म्हणजे शरीराला शत्रूची आगाऊ ओळख करून देणे. दंडात लस टोचल्यावर रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशीही तयार होतात. पण कोरोनाचा विषाणू नाका-घशातून शिरतो. दंडात घेतलेल्या लसीचा पहारा फुप्फुसांपाशी आणि रक्तात कडक असतो, नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर तितका नसतो. म्हणून विषाणू उंबरठ्यापर्यंत येतो. ताप, खोकला, अंगदुखी होते. पण तो आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत घरातली माणसे जागी झालेली असतात. मावशींचे हेच झाले.

दुसरे कारण, दिवस जातात तशी रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात. जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत आधी लस घेतली ती आरोग्य कर्मचाऱ्यांनी, तेव्हा त्यांचीच प्रतिपिंडे सर्वांत आधी उतरणीला लागली. म्हणूनच 10 जानेवारी 2022 पासून त्यांना तिसरा, खबरदारीचा डोस देण्यात आला.

तिसरे कारण, विषाणूच बदलला. 2021 च्या सुरुवातीस आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, ज्याचा जोर दिसू लागला त्या प्रकाराला पुढे मे 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' असे नाव दिले. पुण्याच्या तपासणीत लस भेदून आलेल्या संसर्गांपैकी शंभरात 86 ह्या डेल्टाचे होते. पुढे ओमायक्रॉन आला, तेव्हा जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतील शेकडो निवासी डॉक्टर एकदम आजारी पडले. त्यांनीही लस घेतलेली होती. बहुतेक जण काही दिवसांत बरे होऊन कामावर परतले.

आणि चौथे कारण आपण सर्वांत कमी बोलतो. आरोग्य कर्मचारी विषाणूच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत जास्त वेळ उभा असतो. छत्री चांगली असली तरी रिमझिम पावसात दहा मिनिटे चालणारा आणि मुसळधार पावसात दिवसभर उभा राहणारा सारखे कोरडे राहणार नाहीत. मावशींना लस लागू पडली नाही असे म्हणण्यापेक्षा, मावशी कुठे उभ्या होत्या हे आधी विचारले पाहिजे.

सव्वाशे वर्षांपूर्वीही हाच प्रश्न

हे काही कोरोनाबरोबर आलेले नवे कोडे नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, पण मेला एकही नाही. म्हणजे आपल्या मुंबईत, त्या पहिल्याच लसीच्या वेळी, लस घेऊनही दोघांना आजार झालाच होता. त्या दोघांकडे बोट दाखवून लस फेकून दिली असती तर काय झाले असते?

आणि त्याच वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. हाफकिनने स्वतःला सुई टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले होते. सावित्रीबाईंचा फोटो आपल्या घराघरांत आहे. आजाऱ्याला हात लावणाऱ्याला आजार लागू शकतो, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण आपल्याला कोण देणार? मग नळावरून मावशींना बाजूला सारणारे आपण त्या फोटोसमोर कोणत्या तोंडाने उभे राहतो?

आजारपणाचा खाडा कोणाच्या माथी?

मावशींच्या आजारपणात आणखी एक गोष्ट उघडी पडली. 17 दिवस त्या कामावर जाऊ शकल्या नाहीत. ठेकेदाराने 17 खाडे मांडले आणि तेवढा पगार कापला. आजार कामावरून आला, तो पसरू नये म्हणून घरी बसायला सांगितले, आणि घरी बसले म्हणून पगार नाही! अशा स्थितीत ताप अंगावर काढून, गोळी खाऊन कामावर जाणाऱ्याला दोष कसा द्यायचा? लस घेतल्यावर आजार सौम्य असतो, तेव्हा तो लपवणेही सोपे होते. पण सौम्य आजार असलेला माणूससुद्धा दुसऱ्याला लागण देऊ शकतो.

केंद्र सरकारने 30 मार्च 2020 पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा काढला होता. त्यात कंत्राटी कर्मचारी व आशाताईही होत्या. पण तो कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर मिळणारा. आजारी पडून वाचलेल्या मावशींना त्याचा काय उपयोग? जून 2021 मध्ये राज्यातील सुमारे 70 हजार आशाताईंनी संप केला, तेव्हा मानधनात 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य झाला. भांडल्याशिवाय तेवढेही मिळाले नसते.

मावशींच्या पगारातून दर महिन्याला कामगार राज्य विमा योजनेची, म्हणजे ई.एस.आय.ची कपात होत होती. हे मला त्यांची पगाराची चिठ्ठी पाहिल्यावर कळले. 2019 पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा हा हिस्सा ठरला. सहा महिन्यांच्या मुदतीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, मिळण्याची ह्या योजनेत तरतूद आहे. ती कंत्राटी कामगारालाही आहे. पण मावशींना ना विमा क्रमांक ठाऊक होता, ना कोणी कार्ड दिले होते. ई.एस.आय.च्या डॉक्टरचा दाखला वेळेत घेतलेला नव्हता, त्यामुळे पुढे माझ्या फेऱ्यांचाही उपयोग झाला नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अहवाल 1944 साली सादर केला. त्यातून 1948 चा कायदा आला. हा हक्क आपल्यासाठी इतक्या मागून चालत आलेला आहे. तो पगाराच्या चिठ्ठीतल्या एका ओळीत पडून राहू नये. आपल्या घरात कोणी रुग्णालयात, कंपनीत किंवा सफाईच्या कामावर ठेकेदाराकडे असेल तर आजच चिठ्ठी काढून पाहा. कपात होत असेल तर विमा क्रमांक मागून घ्या आणि आजारी पडल्यास पहिल्याच दिवशी दाखला घ्या.

पुन्हा कोणी म्हणाले, तर

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे मे 2023 मध्ये जाहीर झाले. पण "लस घेऊनही होतोच ना?" हे वाक्य मागे राहिले आणि आता ते बाळांच्या गोवराच्या लसीपर्यंत पोहोचले आहे. पुन्हा कोणी असे म्हणाले तर वाद घालू नका. तीन गोष्टी शांतपणे विचारा. पहिली, आजार झाला, पण पुढे काय झाले? माणूस बरा झाला की ऑक्सिजनवर गेला? दुसरी, लस घेतलेले एकूण किती आणि न घेतलेले किती होते? आणि तिसरी, तो माणूस काम काय करीत होता, आजाऱ्याच्या किती जवळ उभा होता? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अफवेतली हवा बरीचशी निघून जाते.

आणि आपण कार्यकर्त्यांनी चौथी गोष्ट स्वतःशी ठरवावी. लोकांनी ऐकावे म्हणून खऱ्यात भर घालायची नाही. तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगितले. ते ऐकणाऱ्याला जितके लागू आहे तितकेच सांगणाऱ्यालाही आहे.

असो. त्या दुपारी सूनबाईला मी मावशींची सगळी हकिकत सांगितली, आजोबांचीही सांगितली, आणि मार्च 2021 मध्ये मी काय चुकीचे बोललो होतो तेही सांगितले. गोवराच्या लसीचे दोन डोस लागतात, एक नऊ महिन्यांनंतर आणि दुसरा दीड वर्षाच्या सुमारास. दोन्ही घेऊनही एखाद्या मुलाला गोवर होऊ शकतो, पण न घेतलेल्या मुलाला होण्याचा आणि तो छातीत उतरण्याचा धोका पुष्कळ जास्त असतो, हेही सांगितले. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली होती, ती तिच्या सासूबाईंना आठवत होती.

सूनबाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, लस घेतल्यावर बाळाला ताप येईल का?"

मी म्हणालो, "येऊ शकतो. एखाददुसरा दिवस राहील. किरकिर करेल, रात्री जागवेल."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "हे आधी कोणी सांगितलेच नव्हते." पुढच्या सत्राची तारीख तिने दाराच्या मागे खडूने लिहून ठेवली आहे. त्या दिवशी तिच्याबरोबर केंद्रावर जायला मावशी स्वतः तयार झाल्या आहेत. मी म्हटले, तुम्हीच जा. तुमच्याइतके खरे तिला दुसरे कोणी सांगू शकणार नाही.